टाकीत चार बोटं पाणी उरतं, म्हणजे बूच गळत नाही

खिंडसी तलावाकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांनी १६ फुटी जुनी फायबरची बोट घेतली. मधल्या पाटाखाली जित्या मासोळीची टाकी आहे, बोटवाले जिला लाइव्ह वेल म्हणतात ती, साधारण ८० लिटरची. सकाळी भरली की दुपारपर्यंत उतरते आणि सगळं पाणी नावेच्या पोटात जातं. एकीकडे पंपाने टाकी भरायची आणि दुसरीकडे मगाने नाव उपसायची, हा खेळ दिवसभर. तळाच्या बुचाभोवती दोनदा एम-सील लावून झालं, एकदा सिलिकॉन फासून झालं. आठवडाभर बरं राहतं, मग पुन्हा तेच. रोहू तर टाकीतच मरतो. टाकी काढून नवी बसवावी का, असं ते विचारतात. आणि शेवटी सहज लिहितात, "चार बोटं पाणी मात्र कायम राहते, ते काही जात नाही."

भाऊ, हे वाक्य तुम्ही सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. तळाचं बूच गळत असतं तर टाकी पार कोरडी झाली असती. पाणी भोकाच्या पातळीपर्यंत उतरतं आणि तिथे थांबतं. चार बोटं पाणी राहतं, म्हणजे गळती तळापासून सहा-सात सेंटिमीटरवर कुठेतरी आहे. तुम्ही तिन्ही वेळा ज्याच्याभोवती लिंपण केलं ते बिचारं बूच निर्दोष आहे. मग आठवडाभर बरं का वाटलं? लिंपण वाळावं म्हणून टाकी दोन-तीन दिवस रिकामी ठेवली असेल, नंतर भीत भीत अर्धीच भरली असेल. पाण्याची उंची कमी, की गळतीचा जोरही कमी. पूर्ण भरायला लागलात आणि दुखणं वर आलं.

मी हिंगणा रोडला फायबरचं काम करतो, बावीस वर्षं झाली. उन्हाळ्याआधीचे चार महिने कूलरचे टब, मग पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, आणि अधूनमधून बोटी. नागपूरच्या माणसाला गळकं भांडं लिंपायची सवय लहानपणापासूनच असते. मार्च आला की गच्चीवरचा कूलर काढायचा, टबाला डांबर नाहीतर एम-सील लावायचं, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, झालं. तीच सवय आपण बोटीत नेतो. कूलरचा टब एका जागी बसून असतो, त्याला ते चालून जातं. बोट दिवसभर हलते, वाकते, आपटते. तिथे लिंपण टिकत नाही.

आता काम कसं करायचं ते सांगतो. बोट पाण्यातून काढून ट्रॉलीवर घ्या. पाण्यात तरंगत असताना गळती शोधायला बसलात तर टाकीचं पाणी कोणतं आणि तलावाचं कोणतं हेच कळणार नाही. ट्रॉली सपाट जागी लावा, पुढची आणि मागची बाजू विटा देऊन एका पातळीत आणा. हे महत्त्वाचं आहे, कारण 'चार बोटं' तुम्ही तरंगत्या नावेत मोजलीत, आणि मागे इंजिन, मागेच माणूस, म्हणजे बोट मागे दबलेली असणार. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात चार बोटं असतील तेव्हा पुढच्या कोपऱ्यात दोनच असू शकतात. सपाट जागी आल्यावर हा घोळ मिटतो.

टाकीच्या चारही कोपऱ्यांत आतून पेन्सिलने सेंटिमीटरच्या खुणा करा. मग पाणी भरा, पण रंग घालून. होळीचा उरलेला रंग नको, तो फायबरच्या बारीक भेगांत बसतो आणि पुढे काही चिकटायचं असेल तर त्रास देतो. मिठाईवाल्याचा खाण्याचा लाल रंग चिमूटभर पुरतो. शेजारी त्याच पाण्याने भरलेली एक बादली ठेवा आणि तिलाही खूण करा. ही बादली लोक विसरतात. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या भांड्यातून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. बादली जेवढी उतरली तेवढं टाकीच्या उताऱ्यातून वजा करायचं. हे न केल्यामुळे माझ्याकडे एकदा एक धडधाकट टाकी दुरुस्तीला आली होती.

सगळी टाकी एकदम भरू नका. आधी पाच सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या चार बोटांच्या खाली. रात्रभर ठेवा. सकाळी पातळी बादलीइतकीच उतरली असेल तर तळ आणि बूच दोन्ही निर्दोष, त्यांचा विचार सोडा. मग दहा सेंटिमीटरपर्यंत भरा आणि पुन्हा थांबा. मग अर्धी, मग काठोकाठ. प्रत्येक वेळी रात्रभर. पातळी उतरत उतरत भोकाजवळ आली की वेग फार मंदावतो, अर्ध्या तासात पाहून 'थांबलं' असं समजू नका. ह्यात चार दिवस जातात हे मला माहीत आहे. तुमचे एम-सीलमध्ये किती गेले ते मोजा.

काठोकाठ भरण्याचं कारण असं, की जुन्या बोटीत बहुतेक वेळा एक गळती नसते. वर ओव्हरफ्लोची तोटी असते, तिचा पाइप बोटीच्या बाजूने बाहेर जातो. त्या पाइपाचं टोक सुटलं असेल तर टाकी भरेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि पंप चालू असताना मात्र जादाचं सगळं पाणी थेट पोटात पडत राहतं. तुम्ही पंप चालू ठेवून नाव उपसत असता, म्हणजे ही शंका तुमच्याही बाबतीत आहेच. खालची गळती बुजवाल, वरची तशीच राहील आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

पाणी भरलेलं असताना पाटाखाली जिथे हात पोचतो तिथे प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा. पहिला लाल ठिपका जिथे उमटेल तो सांधा. खाली साचलेल्या पाण्यावरून अंदाज बांधायचा नाही. पाणी पाइपाच्या पोटावरून वाहत वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी टपकतं.

पाणी जातं कुठे, हाही प्रश्न आधी विचारायचा असतो. आंभोऱ्याकडचे एक जण आले होते, गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात जाळं टाकणारे. त्यांची टाकी अकरा सेंटिमीटरवर येऊन थांबायची. मी अकरा सेंटिमीटरच्या रेषेत चारही भिंती भिंग लावून पाहिल्या. एक ओरखडा नाही. तेव्हा त्यांना विचारलं, नाव किती उपसता? म्हणाले, "उपसा कायले लागते? नाव तर कोरडी ठक्क." म्हणजे पाणी पोटात जातच नव्हतं, तलावात परत जात होतं. त्यांच्या टाकीत बुचाच्या जागी उभी नळी खोचलेली होती, पाणी वरून नळीत पडून बाहेर जाईल अशी. त्या नळीलाच अकरा सेंटिमीटरवर केसासारखी चीर. पाव फूट पाइपाचा तुकडा बदलला, पैसे काय घेणार, चहा घेतला. तुमचं पाणी पोटात जातं, तेव्हा तुमची गोष्ट वेगळी.

तुमच्या बोटीत सहा-सात सेंटिमीटरवर काय असू शकतं? माझ्या हाताखालून गेलेल्या बोटींवरून दोन संशयित. पहिला म्हणजे बाजूच्या भिंतीतून आत आलेली तोटी, पंपाचं पाणी आत आणणारी किंवा पाणी फिरवायला बाहेर ओढणारी. दुसरा म्हणजे कोपऱ्यातली उभी चीर.

तोटी असेल तर खूश व्हा. छतावरच्या टाकीला लावतात तसलीच ती टँक निप्पल असते, फक्त कुठल्या तरी बोटीच्या कारखान्यातून आलेली. पंधरा वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि रबरी वायसर दगड होतो. ती वाचवायला जाऊ नका, नवीन घ्या. इतवारीत लोहाओळीला गेलात तर पाच दुकानं पालथी घालून हव्या त्या मापाची मिळते. जुनी तोटी खिशात घालून न्या, इंचाचं माप तोंडी सांगून आणलेली वस्तू हमखास चुकते.

बसवताना एक चूक सगळे करतात. रबरी वायसर टोपीच्या बाजूला बसतो, म्हणजे टाकीच्या आत, जिथे पाण्याचा दाब आहे तिथे. नट बाहेरून. लोक रबर नटाच्या बाजूला घालतात. नट आवळताना रबर त्याच्यासोबत पिळलं जातं, सुरकुतते आणि पाणी आट्यांतून खुशाल बाहेर येतं. भोकाभोवतीची जागा आतून बोटाने चाचपा. खडबडीत असेल तर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून सपाट करा. हाताने घट्ट आवळा आणि मग पान्याने पाव फेरा, बस. पान्यावर लोंबकळलात तर प्लास्टिकची टोपी तडकते, आणि ती चीर दिसतही नाही. नट फिरवताना आतून टोपी दुसऱ्या कुणी तरी धरून ठेवायची.

टेफ्लॉन टेप नटाच्या आट्यांवर गुंडाळायची गरज नाही, तिथे पाणी रबर अडवतं. पुढे पाइपाची जोडणी आटे असलेली असेल तर तिथे टेप लावा. आणि पाइपही बदला. जुनी पारदर्शक नळी पिवळी, कडक झालेली असते. ती तोटीवर चढलेली दिसते, धरलेली नसते. धागा गुंफलेली जाड पीव्हीसी नळी घ्या, टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ करा आणि तोटीच्या मुळापर्यंत ढकला. मागे-पुढे दोन क्लिपा लावा, स्टेनलेस स्टीलच्या. साध्या क्लिपेला चकाकी असते, पण पावसाळा उलटला की स्क्रू गंजून जाम होतो. हे सगळं एका दुपारचं काम आहे.

आता कोपरा. इथे जरा वेळ घ्या.

कोपऱ्यात चीर पडली तर ती बुजवण्याआधी का पडली ते शोधावं लागतं. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो वजन, एक चांगला जाडजूड गडी. तो गडी पाटाखाली बसून दिवसभर इकडून तिकडे धक्के देत असतो. टाकी जेव्हा नवी असते तेव्हा तिच्या तळाखाली लाकडी पट्ट्या किंवा फोम असतो, त्यावर ती टेकलेली असते. वर्षानुवर्षं गळलेल्या पाण्याने त्या पट्ट्या कुजतात. मग टाकी फक्त वरच्या काठावर लटकते आणि सगळा ताण कोपऱ्यांवर आणि तोट्यांवर येतो. तपासायची युक्ती सोपी: टाकी रिकामी असताना तळावर तळहात ठेवून जोरात दाबा. तळ बोटभर खाली गेला, किंवा 'टक्' असा आवाज आला, तर आधार गेलेला आहे. मग कितीही मजबूत पॅच मारला तरी पुढच्या मोसमात तो त्याच जागी फाटेल. भरलेल्या टाकीच्या पाटावर दोन माणसं उभी करून थोडं हलायला सांगा आणि कोपऱ्याकडे पाहा. काही चिरा अशाच वेळी तोंड उघडतात, एरवी मिटून असतात.

आधार गेला असेल तर पाट उघडून टाकी बाहेर काढावी लागेल. तेवढ्यात खालचंही पाहून घ्या. नावेच्या तळाला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे चांगलं आहे, भद्द आवाज येतो तिथे आतलं लाकूड किंवा फोम पाणी पिऊन बसलंय. कितपत पाणी पिलंय ह्याचा अंदाज घ्यायचा तर ट्रॉलीसकट बोट जवळच्या धर्मकाट्यावर नेऊन तोला, मग कडक उन्हाचे दोन-तीन आठवडे उघडी टाकून पुन्हा तोला. मी एका बोटीतून असं साठ किलो पाणी वाळवलं होतं. मालक म्हणत होता इंजिन जुनं झालं, ओढत नाही!

नवा आधार द्यायचा तर प्लायच्या पट्ट्या नुसत्या ठेवू नका, चारही बाजूंनी आणि कापलेल्या कडांना रेझिन, म्हणजे फायबरच्या कामातलं राळेसारखं घट्ट होणारं द्रव, पाजून घ्या. टाकी वर बसेल तिथे रबराची पट्टी द्या.

चीर बुजवण्याआधी टाकी कशाची आहे ते पाहा. सगळ्या टाक्या फायबरच्या नसतात. कडेचा नखाएवढा तासा काढून पेल्यातल्या पाण्यात टाका आणि बोटाने बुडवून सोडा. बुडाला तर फायबर किंवा तत्सम काही, काम होईल. वर तरंगत आला तर ते छतावरच्या टाकीचं मेणचट प्लास्टिक, पॉलिथिन आहे. त्याला जगातलं कुठलंच रेझिन, एम-सील, सिलिकॉन नीट चिकटत नाही. ते गरम हवेच्या गनने त्याच प्लास्टिकच्या कांडीने वेल्ड करावं लागतं, आणि जुनं, उन्हाने खाल्लेलं असेल तर वेल्डच्या शेजारीच पुन्हा फाटतं. तशी निघाली तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर 'हो, नवी बसवा' असं आहे.

फायबर आहे असं धरून चालू. आधी तुम्ही फासलेलं सिलिकॉन काढायचं, आणि हेच ह्या सगळ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आहे. सिलिकॉनवर नंतर काहीही चिकटत नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. ब्लेडने सोलून काढा, राहिलेलं खरडा, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा, फडकं प्रत्येक वेळी बदला. हे झाल्यावरच घासा. आधी घासलंत तर पेपरने सिलिकॉन सगळीकडे पसरतं. साफ झालं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, पाणी शिंपडून कळतं. पाण्याचे मणी झाले तर सिलिकॉन अजून आहे. पाणी सपाट पसरलं तर जागा स्वच्छ आहे. आणि बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन माशांच्या टाकीत अजिबात नको, बुरशी मारणारं औषध माशालाही बाधतं.

चिरेची दोन्ही टोकं शोधा. शाईच्या पेनाने घासून पुसलं की रेघ उमटते, टोक कुठे संपतं ते दिसतं. प्रत्येक टोकाच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने चीर रुंद, उथळ खणा, दोन्ही बाजूंना पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत उतार देत. नुसती खाच पाडून त्यात पुट्टी भरली तर ती पाचरीसारखी बसते आणि पहिल्या दणक्याला निघते. धूळ अंगाला लागली की खाज सुटते. पूर्ण बाह्या, मास्क, चष्मा, आणि नंतर आंघोळ थंड पाण्याने. गरम पाण्याने कातडीची छिद्रं उघडतात आणि काचेचे कण आत जातात असं आमचे उस्ताद म्हणायचे. खरं-खोटं माहीत नाही, पण मी अजून थंडच घेतो.

काचेच्या तंतूंची मॅट काटकोनात वळत नाही, कोपऱ्यात तिच्यामागे हवेचा पोकळ बोगदा राहतो. म्हणून आधी रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पावडर कालवून घट्ट पुट्टी करा आणि कोपऱ्यात भरून जुन्या चमच्याच्या पाठीने ओढा. कोपरा गोल होतो. पुट्टी अर्धवट धरली, बोटाला चिकटत नाही पण नख रुततं, अशा वेळी मॅट चढवा. ४५० ग्रॅमची मॅट, दोन थर, पहिला लहान आणि दुसरा त्याहून चारी बाजूंनी दोन बोटं मोठा. मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू जुन्या फायबरवर सपाट पसरतात, कापलेल्या कडेचा काठ राहतो. ब्रशने रंगासारखं ओढू नका, टोचत टोचत रेझिन पाजा. पांढरी मॅट पाण्यात भिजलेल्या मलमलीसारखी पारदर्शक झाली, की पोट भरलं. पांढरा ठिपका राहिला तिथे हवा आहे, तो लगेच रोलरने किंवा बोटाने बाहेर काढा.

रेझिन साधं जीपी, म्हणजे सर्वसाधारण कामाचं, घेऊ नका, आयसो (आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर) मागा, सतत पाण्यात राहणाऱ्या जागेला तेच बरं. त्याच्यासोबत दुकानदार दोन बाटल्या देतो, एक जांभळट कोबाल्ट आणि एक पाण्यासारखं पारदर्शक हार्डनर. ह्या दोन बाटल्या थेट एकमेकांत कधीच, कधीच ओतायच्या नाहीत. पेट घेतं, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट मिसळायचं, मगच हार्डनर. रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं आहे का, हे विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

हार्डनरचं प्रमाण पुस्तकात किलोला १० ते २० मिलिलिटर असतं. नागपुरात मे महिन्यात दहाच्या वर जाल तर पश्चात्ताप होईल. पारा ४४-४५ ला असताना मी दुपारी बारा वाजता काम काढलं होतं, नवा होतो तेव्हा. मगातलं रेझिन पाच मिनिटांत दह्यासारखं लागलं, मग धूर यायला लागला, शेवटी तो मगसुद्धा वाकडा झाला. पहाटे सहाला कामाला बसा, एका वेळी पावकिलोच कालवा. डिसेंबरच्या सकाळी उलटं, रेझिन लागतच नाही, तेव्हा दुपारचं ऊन घ्या आणि हार्डनर वीसपर्यंत न्या. पावसाळ्यात हे काम करूच नका, दमट हवेत मॅट ओल धरते आणि पॅच दुधाळ होतो.

वरचा पृष्ठभाग हवेमुळे चिकट राहतो. घाबरून जास्त हार्डनर घालू नका. शेवटच्या थरावर पॉलिस्टरची पातळ पारदर्शक शीट ताणून चिकटवा, वाळल्यावर सोलून काढा. नाहीतर शेवटच्या हाताच्या रेझिनमध्ये मेणाचं द्रावण घालून घ्या. जवळ एपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन, असेल तर ते जुन्या पॉलिस्टर फायबरवर उत्तम चिकटतं, महाग पडतं एवढंच. पण उलट क्रम नको. एपॉक्सीवर पॉलिस्टर भरवशाचं धरत नाही, आणि एम-सीलही एपॉक्सीच आहे. तुमचे दोन्ही एम-सीलचे थर जर पॅचच्या जागेपर्यंत आलेले असतील तर ते मुळापासून घासून काढा.

पॅच झाल्यावर टाकीला रेझिनचा वास येतो. तो वास म्हणजे स्टायरीन, मासोळीला वाईट. झाकण उघडं ठेवून आठ दिवस ऊन दाखवा, हे ऊन तरी आपल्याकडे फुकट आहे. मग पाणी भरून एक रात्र ठेवा, ओता, असं तीनदा. नाक आत घालून वास आला नाही तरच मासोळी सोडा, आणि पहिल्या दिवशी चार-दोन लहान मासे सोडून पाहा, पूर्ण माल नको.

राहिला रोहू. गळती थांबली म्हणजे रोहू जगेल असं मी सांगणार नाही. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ च्या आसपास. त्यात माशाची भूक-दम गरमीत वाढलेली. ८० लिटरमध्ये दहा-बारा किलो रोहू कोंबला तर नवी कोरी टाकीही त्याला वाचवत नाही. झाकण बाहेरून पांढरं रंगवा, वर ओलं पोतं टाका. कूलरचंच तत्त्व आहे, पोतं वाळू देऊ नका. पंपाचं पाणी टाकीत बुडालेल्या तोटीतून न सोडता वरून फवाऱ्यासारखं पाडा. पूर्वी मासोळीची पिल्लं हंड्यांतून नेणारे लोक वाटभर हाताने पाणी थापटत असत, तेही ह्याचसाठी. कूलरचा पंप इन्व्हर्टरवर जोडून बोटीत लावतात असं पाहिलंय. कृपा करा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि तुम्ही तर पाण्यातच बसलेले असता. १२ व्होल्टचा पंप, फ्यूज, आणि वायरीचा जोड नावेच्या तळाशी न ठेवता उंचावर.

तुमचा धंदा मुख्यतः मरळीचा असेल तर गोष्ट फार सोपी होते. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते. तिला काठोकाठ पाणी नको असतं, उलट झाकणाला टेकेल इतकं पाणी भरलं तर ती गुदमरून मरते. अर्धी टाकी, वर वीतभर मोकळी हवा, आणि झाकणाला कडी. कडी नसेल तर ती उडी मारते आणि तुमच्यापेक्षा आधी घरी पोचते.

सगळं जोडून झालं की बोट पाण्यात उतरवा, पण टाकी रिकामी ठेवून. अर्धा तास थांबा. टाकीत किंवा पोटात पाणी आलं, तर ते तलावाचं आहे आणि बहुतेक बोटीच्या बाहेरच्या भिंतीतली पंपाची तोटी गळते आहे. तिला बाहेरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लागतं, सिलिकॉन नाही, आणि ते काम पुन्हा ट्रॉलीवर. तिची जाळीही तेव्हाच साफ करा, जलपर्णीची मुळं अडकून पंप कोरडा फिरतो आणि त्याचं सील जळतं. अर्ध्या तासानंतरही कोरडं राहिलं तर टाकी भरा, एक चक्कर मारून या, परत आल्यावर पेन्सिलची खूण पाहा. पातळी पुन्हा कुठे थांबली असेल तर तळापासून किती सेंटिमीटरवर आणि कोणत्या कोपऱ्यात, तेवढे दोन आकडे मला कळवा.